सफूराला सांगितलेला सिनेमा

सफूरा आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. तिच्याबद्दल चांगलंच सांगायला हवं, कारण वाईट सांगण्यासारखं तिने काही केलंच नाही. तेच तर माझं दुखणं. बाई भांडकुदळ असली, की तिच्यावर राग काढायला बरं पडतं. हिच्यावर काय काढणार, कप्पाळ!

मस्कतमधल्या अल् खुवैरच्या त्या इमारतीत, आमच्या मजल्यावर मराठी बोलणारी दोनच घरं. एक आमचं, म्हणजे प्रफुल्ल, मी आणि आमची आम्रपाली. आम्ही मूळचे पिंपरीचे, प्रफुल्ल इथे एका कन्सल्टन्सीत इंजिनिअर. दुसरं घर जमालभाई आणि सफूराचं. त्यांचं गाव दाभोळच्या खाडीकाठी. जमालभाई गाला नावाच्या कारखान्यांच्या भागात एका गॅरेजमध्ये फोरमन होते, आणि इमारत त्यांच्या अर्बाबच्या, म्हणजे मालकाच्या, भावाची, म्हणून त्यांना तिथे जागा मिळालेली.

सफूरा उर्दू शाळेत सातवीपर्यंत शिकलेली. लग्न झालं आणि हळद उतरायच्या आत नवरा मस्कतला गेला. मग मुलगा नुमान कॉलेजात जाईपर्यंत ती गावात सासूजवळ आणि तो इकडे. दर शुक्रवारी त्याचा फोन यायचा. मला एकदा म्हणाली, "भाभी, मी बोलत बसली असती तर त्याचा कार्ड खलास झाला असता. म्हणून मी आपली 'हां, मंग?' एवढाच करायची. सगळा त्यालाच बोलू दिला." सासू वारली तेव्हा कुठे जमालभाईंनी तिला फॅमिली व्हिसावर आणलं. तोपर्यंत बाईला ऐकायची अशी सवय जडलेली, की तिच्यासमोर कुणीही सुटायचं. वॉचमन गुलजार तिला बहिणीच्या लग्नाची हकीकत सांगत उभा राहायचा. त्याची बंगाली हिला समजत नव्हती, तरी दोघंही खूश.

मी लग्नाआधी शाळेत मराठी शिकवलेली बाई. माझ्याशी बोलताना गुलजार फक्त "पानी आएगा मॅडम" म्हणायचा.

आता आमची अमू. नववीत होती. शाळेत मैत्रिणींशी इंग्लिश, आणि घरी 'हं', 'नको', 'आय नो'. एवढ्यावर आमचा संसार चाललेला. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला मी तिला बाबासाहेबांवर सुंदर भाषण लिहून दिलं, तर पोरीने ते रोमन अक्षरांत उतरवून वाचलं. मी पहिल्या रांगेत बसून ओठांनी तिचे उच्चार सुधारत होते. घरी आल्यावर ती म्हणाली, "नेक्स्ट इयर मी नाही बोलणार." विषय संपला.

वैशाख पौर्णिमेला मी खीर केली आणि वाडगं देऊन अमूला समोर पाठवलं. गेली ती येईचना. तासाभराने बघायला गेले. सफूराचं दार नेहमी अर्धं उघडं असायचं. आत मराठी ऐकू आलं, घडाघडा, न थांबता. मला वाटलं कोणी पाहुणी आलीय. बघते तर आमची अमू!

टॅबलेटवर कोरियन सिनेमा लावलेला. मूळ कादंबरी म्हणे युरोपातली, दोनशे वर्षांपूर्वीची, पण या लोकांनी ती उचलून आपल्या राजेरजवाड्यांच्या काळात नेऊन बसवली होती. फुगीर रेशमी घागरे, कागदी दारं, शेंडीचा बुचडा बांधलेले उमराव. बोलणं कोरियन आणि खाली इंग्लिश अक्षरं. सफूराला दोन्हीतलं ठो कळत नव्हतं. म्हणून आमची कन्या एकेक वाक्य थांबवून तिला मराठीत सांगत होती.

"ती मोठी बहीण हाय ना खाला, ती खूप गोड बोलते. लहानीचा जो मित्र आहे, पोएट, त्याला तिने राजाकडून मोठा जॉब दिला. पण लांब बॉर्डरवर! म्हणजे त्याला वाटतं गिफ्ट, पण तिने त्यांना तोडलं."

"या अल्ला! पण तिला काय कमी हाय गे बाय? घर हाय, नोकर हाय. बहिणीचा सुख का बघवत नाय तिला?"

अमूने जरा विचार केला. "तिला कोण मनातलं सांगत नाही. सगळे लहानीला सांगतात."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. नऊ महिने पोटात मी वाढवली, मुळाक्षरं मी गिरवून घेतली, आणि हिचं तोंड उघडलं कुठे, तर शेजारणीच्या सतरंजीवर! आणि ते 'हाय' नि 'नाय'! मी दारातूनच म्हटलं, "अमू, अभ्यास नाही का?" पोरगी गपकन मिटली. उठली, "कमिंग" म्हणाली आणि माझ्या मागून आली.

दोन तासांचा सिनेमा त्या दोघींना महिनाभर पुरत होता. दर शुक्रवारी अमू समोर. परत आली की अंगाला तळलेल्या सुरमईचा वास आणि चेहरा कसा टवटवीत. मी विचारायचे, "काय केलंत?" "नथिंग." प्रफुल्लला सांगितलं, तर तो म्हणाला, "अगं, मराठी बोलतेय ना? तुला हवं होतं तेच झालं." पुरुषांना काय कळतंय! मला मराठी हवी होती, पण माझ्याशी.

मग मला युक्ती सुचली. प्रफुल्लच्या ऑफिसातल्या रविकांतला असले सिनेमे कुठून कुठून मिळायचे. त्याच्याकडून मी त्याच सिनेमाची हिंदी डबिंग केलेली कॉपी पेन ड्राइव्हवर मागवली. सफूराला हिंदी चांगलं समजायचं. तिला सगळं आपलं आपण समजलं, की आमच्या पोरीची गरजच काय? वर मी शेजारधर्म पाळणारी चांगली बाई ठरणार. डबाभर चकल्यांसकट पेन ड्राइव्ह नेऊन दिला. म्हटलं, "अमूची परीक्षा जवळ आलीय. तुमचा खोळंबा नको."

सफूराने माझे दोन्ही हात धरले. "भाभी, किती गो काळजी करतंस माझी!" तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, जिंकलं.

पुढच्या शुक्रवारी अमू जेवली, टॅबलेट उचलला आणि गेली समोर. त्याच्या पुढच्याही शुक्रवारी. मला काही कळेना. शेवटी जमालभाई लिफ्टमध्ये भेटले आणि हसत म्हणाले, "भाभी, तुमच्या पेन ड्राइव्हने घात केला. ही दोनदा बघून बसली पिक्चर. शेवटाला इतकी रडली, की मला वाटलं गावावरनं काही खबर आली."

दोनदा! म्हणजे ही बया सगळं जाणून होती, आणि माझ्या पोरीसमोर 'या अल्ला' करत बसत होती. काय म्हणावं या सोंगाला! माझं दुखणं पळालं, उलट आनंदाच्या उकळ्या फुटायला लागल्या. आता सापडली. अमूला सांगितलं की झालं. त्या वयात मुलांना दुसरं काही चालेल, पण कोणी आपल्याला फसवलेलं चालत नाही.

शुक्रवारी अमू चप्पल घालत होती. मी अगदी सहज म्हणाले, "अगं, सफूराखालाने तो सिनेमा कधीच पाहिलाय. हिंदीत. दोनदा. तुझ्यासमोर नुसतं नाटक चाललंय तिचं."

अमूने वर बघितलंसुद्धा नाही. "माहितीये."

"काय माहितीये?"

"तिने मला त्याच दिवशी सांगितलं. म्हणाली, हिंदीवाली बाय तुझ्यासारखं नाय सांगत. परत सुरूपासून सांग. मग आम्ही परत सुरू केला." ती हसली. किती दिवसांनी माझ्या घरात हसली.

मी तिथेच सोफ्यावर बसले. आवाज मऊ करून म्हटलं, "अमू, मग मलाही सांग ना. आज मला सांग. मी पण पाहिलेला नाही."

ती थांबली. खरंच थांबली, एक हात दाराच्या कडीवर ठेवून. मला वाटलं, येते. बाजूला सरकून मी तिच्यासाठी जागाही केली.

"तुला कशाला, मम्मी? तुला इंग्लिश वाचता येतं."

"येत असलं तरी. तुझ्या तोंडून ऐकायचंय मला."

अमूने डोकं हलवलं. रागाने नाही. समजूत घालावी तशी, हळू, शब्द शोधत म्हणाली, "तू ऐकत नाहीस ना पण. तू तपासतेस."

आणि गेली. मी सोफ्यावर केलेली जागा तशीच राहिली. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मला स्वतःची लाजबीज काही वाटली नाही. नुसती जळले मी सफूरावर, पहिल्यापेक्षा जास्त.