बांगड्या वाजेपर्यंत

वारज्याच्या आमच्या सोसायटीत अशी व्यक्ती नाही जिचा आवाज मी काढत नाही. पण फर्माईश येते ती महिपतीकाकांचीच. मग मी हनुवटी गळ्यात खुपसते आणि खर्जात सुरू करते, "वॅट गेले खड्ड्यात बे. मले आवाज दाखव, आवाज."

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात. तरुणपणी यवतमाळहून पुण्यात आले, कारखान्यात प्रेस मशीनवर आयुष्य काढलं आणि निवृत्त झाले. पुण्यानं त्यांना स्कूटर दिली, फ्लॅट दिला, भाषा मात्र काही दिली नाही. त्यांच्या हॉलमध्ये सोफ्यापेक्षा उंच दोन स्पीकर आहेत, एक कॅसेट डेक आहे आणि मधोमध होता ॲम्प्लिफायर. होता म्हणायचं, कारण गणपती बसले त्याच आठवड्यात तो धूर सोडून गेला. "गॅसवर काही करपतंय का बघा," असं खालच्या मजल्यावरून कुणीतरी शांतपणे सुचवलंही.

काकांची खरी अडचण होती भुलाबाई. भादव्याच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या मुली रोज संध्याकाळी भुलाबाईची गाणी म्हणतात. आमच्या सोसायटीतल्या तिकडच्या सगळ्या मुली काकांच्या हॉलमध्ये जमतात आणि काका एक कॅसेट लावतात. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी वेणूकाकू नणंदांबरोबर गायली होती, ती कॅसेट. काकू टाळी देते, की तिच्या हातातल्या काचेच्या बांगड्या वाजतात. काकांच्या लेखी संगीत म्हणजे तेवढंच. भुलाबाई तोंडावर आलेली आणि हॉल मुका.

म्हणून आम्ही निघालो तपकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, डेक माझ्या मांडीवर ठेवून, रिक्षानं. मी गेले कारण त्या गल्लीत एका फेरीत चार नवे आवाज मिळतात.

हमीदभाईंचं दुकान त्यांच्या आजोबांच्या वेळचं. मराठी सदाशिव पेठेहून चोख, फक्त वैतागले की हिंदीत जातात. "काका, हा बघा. निव्वळ पॉवर. बास-ट्रेबलच्या भानगडी नाहीत. जे टेपवर आहे तेच वाजणार."

कॅसेट लागली. काकांनी डोळे मिटले. काकूचा विशीतला आवाज दुकानभर पसरला. पलीकडचा वायरवाला हातातलं रीळ सोडून ऐकत उभा राहिला. टाळी, बांगड्या, टाळी, बांगड्या.

काकांनी डोळे उघडले. "गोधडी टाकली आवाजावर."

"कुठे आहे गोधडी, काका?"

"बांगड्या कुठी हाय?"

हमीदभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. "वाजतायत की."

"मले शेंडी लावतं का बे."

दुसरा लावला. तिसरा लावला. तिसऱ्यावर तर एक बांगडी चिरलेली आहे हेसुद्धा कळत होतं. काकांची मान नकारार्थीच.

"अब क्या करूँ काका," हमीदभाई म्हणाले, "आता फक्त मांडववाल्याचा उरला. तो लावला तर बांगड्या वारज्यातच ऐकू येतील, इथवर यायला नको."

परत आलो तेव्हा काका मुक्या स्पीकरांकडे बघत बसले. त्यांना खुलवायला मी हमीदभाई काढून दाखवले, तेव्हा काका गालात हसले. मग म्हटलं काकू काढू. काकूचा तो बारीक, गोड, नाकात किंचित अडकणारा आवाज, ज्यात ती स्वयंपाकघरात माझ्याशी बोलते. मी दाराकडे पाठ करून, काकांच्या कानाशी वाकून म्हटलं, "आयकलं का जी? चहात साखर टाकू का नको?"

काकू दारातच होती. हसून हसून तिनं चौकट धरली.

काकांनी विचारलं, "हे कोन व? वरच्या मजल्यावरची?"

काकूचं हसू थांबलं, आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. काकूचे दोन आवाज आहेत. एक माझ्यासाठी. दुसरा काकांसाठी, समोर उभं राहून, पोटातून काढलेला, एकेक शब्द सुटा. मी काकांना त्यांच्याच बायकोचा न ऐकलेला आवाज ऐकवला होता.

तिनं मला ओढत आत नेलं. "तो आवाज त्याईले कसा माहीत असन? त्या मशीननं कान खाल्ले त्याईचे. दुरून बारीक आवाज आत जातच नाही. डॉक्टरकडे चला म्हनलं, तर म्हनते ॲम्प्ली बिघडला."

"म्हणून तुम्ही आवाज बदललात?"

"मंग काय, नवरा बदलू?"

दुसऱ्या दिवशी रिक्षात डेक काकूच्या मांडीवर होता. दुकानात शिरल्या शिरल्या ती म्हणाली, "भाऊ, ज्याले पिळाले खुंट्या हायेत असा द्या."

हमीदभाईंनी माळ्यावरून एक जुन्या चालीचा, बास-ट्रेबलच्या नॉबवाला उतरवला. कॅसेट लागली. काकूनं ट्रेबल, म्हणजे बारीक आवाजाचा नॉब, पिळला तो पार टोकाला. गाणं उरलंच नाही, कुणीतरी पत्र्यावर खिळे ओतत होतं. वायरवाल्यानं शटर अर्धं ओढलं.

डोळे मिटलेले काका ताठ बसले. त्यांची बोटं मांडीवर टाळी देऊ लागली.

"वाजल्या," ते म्हणाले.

मग त्यांनी डोळे उघडले, आणि कानात बोटं घातलेले हमीदभाई त्यांना दिसले. मी दिसले. मग नॉब दिसला.

"हमीद, कालचे तिन्ही मशीन चांगले होते ना?"

हमीदभाईंनी कानातली बोटं काढून कॅसेट थांबवली. म्हणाले, "चांगले होते काका. तुमच्या कामाचे नव्हते."

"हाच बांध." काका काकूकडे वळले. "अन तू कधीपासून मोठ्यानं बोलून राहिली?"

"लई दिवस झाले जी."

"थकली असशीन."

"थकली ना," काकू म्हणाली. पोटातून, सुटं सुटं.

आता भुलाबाई बसल्या आहेत. मुली आल्या की काका आपणहून नॉब अर्ध्यावर आणतात आणि गाणं चालू असताना काकूच्या हातांकडे बघत बसतात. सकाळी सोसायटी रिकामी झाली, की नॉब टोकाला जातो. ग्रिलवरची कबुतरं उठतात आणि काकू कानात कापूस घालून भाजी निवडते. कोजागिरी झाली की कानाच्या डॉक्टरकडे जायचं ठरलंय. काकूनं ते मोठ्या आवाजात दोनदा वदवून घेतलंय.

काल काका मला म्हणाले, "तनुजे, तो वरच्या मजल्यावरचा आवाज एक डाव पुन्हा काढ बरं. जवळ येऊन काढ."

आयुष्यात पहिल्यांदाच मी फर्माईश नाकारली. म्हटलं, "आधी कानाला मशीन लागू दे, काका. मग मूळ कलाकारच ऐका."