येतो हं, काका

निजामपुऱ्यात आमच्या समोरचा बंद फ्लॅट विकायला एक मराठी दलाल यायचा. बडोदं इतकं तुडवायचा की चपलांना तळ उरले नव्हते. भटकी कुत्रीसुद्धा त्याच्यावर भुंकायची नाहीत, त्याला बघूनच दमून खाली बसायची! फ्लॅटचं दार दक्षिणेला. पार्टी दारात यायची, मोबाइलवर दिशा बघायची आणि ‘विचारीने कहीश’, म्हणजे विचार करून सांगतो, म्हणून जी पळायची, ती थेट अहमदाबादेलाच श्वास घेत असणार.

तरी हा रोज सकाळी आमच्याकडची चावी घ्यायचा, खिडक्या उघडायचा, झाडू मारायचा, नळ सोडायचा, अगरबत्ती लावायचा.

“अरे, तुझ्या बापाचं घर आहे का ते?” मी ओरडायचो.

“बंद घराला वास येतो, काका. रोज उघडलं की एक दिवस माणूस येतोच.”

चावी परत देताना न चुकता म्हणायचा, “येतो हं, काका.”

शेवटी माणूस आलाच. मालकाने परदेशातून फोनवरच आपल्या साडूला फ्लॅट विकला आणि दलालाला सांगायचं माझ्या गळ्यात घातलं. सांगितलं तेव्हा त्याच्या हातात अगरबत्तीचा नवा पुडा होता.

“आणि तुझी दलाली?”

“घरातल्या घरात कसली दलाली, काका?”

त्याने पुडा माझ्या हातात दिला.

“जातो, काका.”

उंबऱ्यावर मराठी माणूस असं म्हणत नाही. अख्ख्या सोसायटीला ऐकू जाणारा माझा आवाज, पण ‘येतो म्हण रे’ एवढंही तोंडातून फुटलं नाही.