तस्लीमची तालीम

शिळफाट्याच्या तस्लीमला लहानपणापासून एकच खोड. कुठलीही गोष्ट आधी करून बघायची. शाळेच्या संमेलनात पडदा नीट सरकतो का, हे पुन्हा पुन्हा ओढून बघणारी मुलगी ती. पुढं कामही तसलंच मिळालं. डोंगर कधी खचेल याचा अंदाज बांधणारी साखळी ती एका संशोधन संस्थेसाठी जुळवायची. पावसाचे आकडे एका शहरातल्या संगणकावर, डोंगराच्या उताराचा नकाशा दुसऱ्या शहरात, हिशेब तिसरीकडे. एकाचं वाक्य संपलं की दुसऱ्यानं प्रवेश घ्यायचा, आणि शेवटी धोक्याचा निरोप निघायचा तो लोधिवलीच्या वरच्या कुसरवाडीत, चांगो ठाकराच्या फोनवर. मधेच कुणी वाक्य विसरत नाही ना, हे तपासणं तस्लीमचं काम.

चांगो काही परका नव्हता. तिच्या अब्बांच्या, झहीरभाईंच्या पंक्चरच्या दुकानासमोर तो आणि त्याची बायको वनिता शेवळं, करवंदं विकायला बसत. तस्लीम लहान असताना वनितानं तिला पानाच्या द्रोणातून करवंदं भरवलेली.

पहिल्या तालमीत निरोप गेला : ‘दरडीचा धोका. लगेच खाली उतरा.’ अख्खी वाडी कोंबड्या काखोटीला मारून भर पावसात उतरली. म्हातारी सोमी तर झोळीतून आली. खाली आल्यावर कळलं, धोका वगैरे काही नाही, यंत्राची चाचणी होती.

दुसऱ्या दिवशी वनिता दुकानासमोर कमरेवर हात ठेवून उभी.

“काय गं तस्लीम, आमाला नाचवाया ठेवलंय व्हय? भाकर तव्यावर जळली ना माजी!”

“मामी, निरोप पोचतो का ते बघत होते गं.”

“मंग तसं लिव ना. तालीम हाय म्हनून लिव. आमाला वाचता येत नाय व्हय? ह्यांना नाय येत, मला येतं.”

तस्लीम हसली. त्याच दिवशी तिनं निरोपाच्या शेवटी ओळ जोडली : ‘ही तालीम आहे.’

मग पावसाळाभर तालमी झाल्या. निरोप आला की वनिता अंगणातून ओरडायची, “आली गं बाय तस्लीमची तालीम!” आणि वाडी हसायची. सगळे दिवे हिरवे लागले. संस्थेतले रूपेशसाहेब म्हणाले, “आता खरा प्रयोग. यापुढं जाईल तो निरोप खरा.” तस्लीमनं साखळी पुन्हा पहिल्यापासून शेवटपर्यंत पडताळली. पडताळणी काय बघायची? ठरलेला निरोप जसाच्या तसा पोचतो का. ठरलेल्या निरोपात ती ओळ होती. ती जशीच्या तशी पोचत होती.

आणि एका दुपारी डोंगर खरोखर खचला. निरोप त्याच्या पुष्कळ आधी पोचला होता. चांगो बैल आणायला गेलेला, फोन घरी. वनितानं वाचला, नेहमीसारखी ओरडली, आणि तांदूळ धुवायला बसली. एकच घर गेलं. तिचं.

रूपेशसाहेबांचा फोन आला तेव्हा आवाजात आनंद मावत नव्हता.

“तस्लीम, जागा बरोबर, वेळ बरोबर! अशी पडताळणी मागून मिळत नाही. शोधनिबंधावर तुझं नाव पहिलं.”

“सर, निरोपात ती ओळ...”

“निरोप वेळेत पोचला, नोंद आहे. तू कशाला मनाला लावून घेतेस?”

वनिताचं बारावं झाल्यावर चांगो दुकानाच्या पायरीवर येऊन बसला. झहीरभाईंनी चहा ठेवला, त्यानं हात लावला नाही. मातीतून निघालेला, काच तडकलेला पण अजून चालू असलेला फोन त्यानं तस्लीमपुढं धरला.

“सोमी म्हनते, त्या दिशी तुजी तालीमच आली व्हती. खरा निरोप आलाच नाय. मशीन बिघडलं असंल, नाय गं?”

त्याच्या पाठीमागून अब्बा डोळ्यांनी खुणावत होते, हो म्हण.

“नाही मामा,” तस्लीम म्हणाली. “तोच खरा होता. ओळ काढायची माझ्याकडून राहिली.”

चांगोनं फोन तिच्या हातात ठेवला. मग म्हणाला, “वाच.”

“मामा...”

“मला येत नाय. तू वाच.”

“दरडीचा धोका. लगेच खाली उतरा.” ती थांबली.

“फुडं.”

तिनं ओठातल्या ओठात वाचलं.

“ऐकू नाय आलं. वनी कशी वरडायची, तसं वाच.”

समोरच्या हायवेवरून कंटेनर धडधडत गेला. तस्लीमनं घसा ताणला : “ही तालीम आहे.”

“पुना,” चांगो म्हणाला.