कोपरा कापलेला पासपोर्ट

शिरड शहापुरात मनकर्णाबाईंच्या देवघराइतकं नेटकं देवघर दुसरं नसेल. चिंचेनं घासलेले देवांचे टाक, रोज ताजी फुलं, आणि शिस्त अशी की फौजदारानंही हात जोडावेत. मूर्तीला चीर गेली किंवा तसबिरीची काच तडकली, की ती वस्तू त्या घरातली दुसरी सकाळ पाहत नसे. खंडित झालेलं देवाजवळ ठेवायचं नाही. फुलं वाहायची, हात जोडायचे आणि वाहत्या पाण्यात सोडून यायचं. हा नियम पुष्कळ घरांत असतो, आणि पुष्कळ घरांत तो सोयीनं पाळतात. मनकर्णाबाईंना सोय नावाची गोष्ट ठाऊक नव्हती.

त्याच देवघरात, देवांच्या शेजारी, हरीशचा पासपोर्ट असायचा. हरीश त्यांचा एकुलता एक. मलेशियात पाम तेलाच्या मळ्यात कामाला होता. लांब दांड्याच्या विळ्यानं उंच झाडावरचे घड पाडायचे, दिवसभर मान वर. पहिल्यांदा पासपोर्ट घरी आला तेव्हा मनकर्णाबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, आणि तेव्हापासून रिवाजच पडला. सुट्टीवर आला की हरीश पासपोर्ट आईकडे देई आणि निघायच्या दिवशी तिच्याच हातून घेई. हरीशची बायको कोमल त्यावर हसायची. "इमानतळावरचा सायब कुंकवाचे डाग पाहून काय म्हणत असंल, आत्याबाई?"

"म्हणू दे. त्यालाबी माय असंल."

यंदा नवरात्राच्या आधी तो आला तेव्हा पुस्तकं दोन होती, रबर लावून एकत्र केलेली. मुदत संपत आली म्हणून त्यानं तिथल्याच भारतीय कचेरीतून नवा पासपोर्ट काढून घेतला होता. नवा अगदी कोरा. कामाचा व्हिसा मात्र जुन्यातच चिकटवलेला, आणि तो अजून चालू होता. जुन्या पासपोर्टचा कोपरा कापून, रद्दचा शिक्का मारून तो परत देतात. आतला व्हिसा काही त्यानं मरत नाही. सुट्टीवरून परतल्यावर कंपनी तो नव्या पासपोर्टात बदलून घेणार होती, तोवर दोन्ही जोडीनं दाखवायचे. हे सगळं हरीशला पक्कं ठाऊक होतं. आईला सांगावं, असं मात्र त्याच्या मनात आलं नाही. आईला काय सांगायचं, असं सगळ्याच शहाण्या पोरांना वाटतं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी देवघर आवरताना मनकर्णाबाईंना तो कापलेला कोपरा दिसला. हरीश ओट्यावर फोनवर बोलत होता. त्यांनी पुस्तक त्याच्यापुढं धरलं.

"हे काहून कापलं रं?"

"जुनं झालं ते, माय. रद्द केलं त्यायनं."

"मंग नवं?"

"नवं हाय ना त्याच्यासंगं," हरीश म्हणाला आणि परत फोनला लागला.

एवढंच. मनकर्णाबाईंना वाईट वाटलं. याच पुस्तकानं पोराला समुद्रापार नेलं आणि दर खेपेला धडधाकट परत आणलं. त्यांनी ते नव्या खणात गुंडाळलं, वर झेंडू ठेवला आणि गावाखालच्या ओढ्यावर गेल्या. पाऊस चांगला झाला होता, ओढा दुथडी भरून चालला होता. "लेकराला सांभाळलंस, लई उपकार झाले," असं म्हणून त्यांनी ते पाण्यात सोडलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी हरीशनं बॅग भरायला घेतली. देवघरात एकच पुस्तक. त्यानं आधी कपाट उपसलं, मग गाद्या, मग धान्याची कोठीसुद्धा. सुट्टी संपेपर्यंत हजर झालं नाही तर जागा जाणार, आणि जुन्या पासपोर्टावाचून विमानात पाऊल ठेवता येणार नाही, हे तो पुन्हा पुन्हा सांगत होता. आणि मग त्याला आठवलं, की यंदा जाऊ नका म्हणून कोमल चार माणसांत रडली होती.

"तूच लपवलं. खरं सांग, कुठं ठेवलं?"

"देवाशप्पथ न्हाई वो!"

"मंग काय पाय फुटले त्याला?"

मनकर्णाबाई चुलीपुढं बसल्या होत्या, हात पिठात. त्यांना पहिल्याच वाक्याला सगळं उमगलं होतं. ज्या बाईच्या तोंडी बाजारातल्या बागवानिणीसुद्धा लागत नसत, ती पीठ तिंबत राहिली. भीती वाटली, निव्वळ भीती. पोरगं आपल्याला काय म्हणेल ही. भाकरी तव्यावर करपली तरी त्या उठल्या नाहीत. सुनेच्या अंगावर आपलं पाप चाललंय हे कळत होतं, आणि तरी त्या बसून राहिल्या. कोमल हुंदके देत माहेरची पिशवी भरायला लागली तेव्हा कुठं त्या पिठाच्या हातानं बाहेर आल्या.

"तिला बोलू नको. म्या सोडलं ते वढ्यात."

हरीशनं हातातली बॅग खाली ठेवली.

"खंडित व्हतं, हरीश. म्या तुला इचारलं व्हतं."

आपण काय उत्तर दिलं होतं ते त्याला आठवलं असावं.

तो आणि त्याचे वडील रामकिशनराव ओढ्याच्या काठाकाठानं शिवार ओलांडून गेले. बाभळीच्या काट्यांना अडकलेला खण तेवढा सापडला. आत काही नव्हतं.

व्हिसाच्या पानाचा फोटो फोनमध्ये होता. तो घेऊन हरीश हिंगोलीला पुनमचंदकडे गेला. लोकांची परदेशाची कागदपत्रं करून देणारा तो जुना माणूस. त्यानं फोटो पाहिला आणि फोन परत केला. "फोटोवर कोण बसू देतं, हरीशभाऊ? व्हिसा एका पुस्तकातून दुसऱ्यात नेता येतो, पण पहिलं पुस्तक तर पाहिजे ना." ठाण्यात हरवल्याची नोंद केली, कंपनीला कळवलं. कंपनीनं आधी थांबा म्हटलं, मग फोन उचलणं बंद केलं. दिवाळीच्या सुमारास मळ्यावरच्या सोबत्याचा निरोप आला, की हरीशचा विळा आता दुसऱ्याच्या हातात आहे.

हरीश आईला एका शब्दानं बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. तो तिच्यासमोर जेवायचा, विचारलं तर उत्तर द्यायचा, आणि कोरा पासपोर्ट सदऱ्याच्या आतल्या खिशात घेऊन निजायचा. स्वतःच्या घरात! राग असता तर मनकर्णाबाईंनी तो अंगावर घेतला असता. पोराला आपली धास्ती वाटते, हे मात्र त्यांना सोसवेना.

संक्रांतीला कोमल सेनगावला माहेरी निघाली. हरीशनं खिशातून पासपोर्ट काढून तिच्या पिशवीत घातला. "तुझ्या बापाच्या कपाटात ठेवजो. पुनमचंदनं दुसरीकडचं काम पाह्यलं की आणू. इथं नको."

दारात उभ्या मनकर्णाबाईंनी ते ऐकलं. कोमलला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं पासपोर्ट परत बाहेर काढला.

"आत्याबाई, इथंच राहू द्या. तुमच्यापाशी."

"न्हाई. तो म्हणून राहिला ते बराबर हाय," मनकर्णाबाई म्हणाल्या. "आता मलाच माझा भरवसा न्हाई, पोरी. घेऊन जाय."

जीप आली तेव्हा त्यांनीच ती पिशवी उचलून कोमलच्या मांडीवर ठेवली.