अंगठ्याला बांधलेली सायकल

माझ्या नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. ही एक मात्र अजून स्वच्छ दिसते. तिच्यात खून नव्हता, दरोडा नव्हता. शिवडीच्या एका गोदामातून ताडपत्री चोरीला गेली होती, एवढेच.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे दिवस होते. मी गिरणगावातल्या एका पोलीस स्टेशनला फौजदार होतो. निम्मे शिपाई मोर्चांच्या बंदोबस्तावर आणि उरलेल्यांवर रोजची सगळी कामे. अशात एका थंडीच्या सकाळी, हजेरी चालू असताना आमचा खबऱ्या आला. तो गोदामांत हमाली करायचा.

"साहेब, खाडीच्या कडेला एकानं तंबू ठोकलाय. वर ताडपत्री आहे. विचारलं तर म्हणतो लालबागला राहतो. लालबागला घर असलेला माणूस शिवडीच्या चिखलात कशाला झोपेल?"

मुद्दा बिनतोड होता. ताडपत्री परवा रात्रीच गेली होती. हवालदारांना पाठवले. तासाभरात त्यांनी माणूस आणला आणि त्याच्यासोबत तंबू, सायकल, पातेले, स्टोव्ह आणि एक वळकटी. माणूस तिशीतला, उन्हाने करपलेला, ओठ फुटलेले. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करतो म्हणाला. तंबूचे कापड जुने होते. वरचा ताडपत्रीचा तुकडा जुन्या बाजारात घेतला म्हणाला, पण पावती नव्हती.

"राजवाडा सोडून मैदानात का रे झोपलास?" हवालदारांनी सुरुवात केली.

"खोलीत जागा नाय, साहेब."

"बायकोनं हाकललं?"

"बायको गावाक असते. मी आमच्या गावकऱ्यांच्या गाळ्यात राहतो."

"मग गाळा काय वाहून गेला?"

त्याने उत्तर देण्याआधीच मी विचारले, "परवा रात्री कुठे होतास?"

"कसाऱ्याला. चौकीच्या आवारात तंबू ठोकला होता."

"त्याच्या आधी?"

"नाशिकच्या पलीकडे. त्याच्या आधी धुळं, अकोला, नागपूर, रायपूर..."

"आणि निघालास कुठून?"

"जगन्नाथपुरीहून. जाताना सायकल रेल्वेत टाकली. येताना तिच्यावर बसून आलो."

"सोबत कोण?"

"कोण नाय. एकटाच."

हवालदार हसायला लागले. मी भिंतीवरच्या नकाशाशी गेलो आणि बोटाने मैलांची बेरीज करू लागलो. हजाराच्या वर गेली तेव्हा थांबलो. "कशाला गेला होतास?"

"मालवणचा समुद्र लहानपणापासून बघितलेला. देशाच्या पलीकडच्या बाजूचा कसा असता, तो बघायचा होता." मग आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, माझी रजा आज संपते. उद्या सकाळच्या भोंग्याला गिरणीच्या दारात नसलो तर नाव कापतील. आमची जागा धरायला बदलीवाले रोज रांग लावून उभे असतात."

ते खरे होते. संशयावरून एक रात्र कोठडीत ठेवले असते तरी त्याची नोकरी गेली असती. पण नोकरी जाईल म्हणून कोणाला सोडून देता येत नाही. मी डायरी पुढे ओढलेली पाहून तो म्हणाला, "निदान सायकलीवर लक्ष ठेवा. कुलूप नाय तिला."

"एवढ्या लांबून बिनकुलपाची आणलीस आणि कोणी पळवली नाही?"

त्याने उजवा पाय पुढे केला. करपलेल्या पायाच्या अंगठ्याभोवती फिकट, खोल वळ होता, अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा. "दोरीचं एक टोक चाकाला, एक हिकडे. सायकल हलली की जाग येते."

हवालदारांचे हसणे थांबले. चौकशीत माणसे तोंडाने काय वाटेल ते बोलतात. असा वळ मात्र एका रात्रीत पडत नाही.

कसाऱ्याच्या चौकीला फोन जोडायला सांगितले. लाइन मिळायला दुपार झाली. पलीकडच्या हवालदाराकडे मी तंबूचे नाव काढताच तोच म्हणाला, "पुरीवाला ना? परवा रात्री आमच्या आवारातच होता. पोचला का, साहेब?"

"पोचला. माझ्यासमोर बसलाय."

"मग त्याला विचारा, ब्रेकचं रबर बदललं का. घाट उतरून आला होता, पार झिजलं होतं."

मी विचारले. तो म्हणाला, नाही बदलले. तिकडून शिव्या ऐकू आल्या.

परवा रात्री तो कसाऱ्याला होता, म्हणजे चोरीतून सुटला. (चोर पुढे गोदामातलाच निघाला.) तरी शिवडीचा मुक्काम माझ्या डोक्यातून जाईना. स्टेशन डायरीत अर्धवट कारण लिहायची मला सवय नाही. त्याला घेऊन मी लालबागला गेलो.

एका गावच्या माणसांनी मिळून भाड्याने घेतलेली ती खोली. भिंतीपासून भिंतीपर्यंत माणसे झोपलेली, रात्रपाळीची. दिवसपाळीवाले परतले की हे उठणार आणि त्याच चटयांवर ते पडणार. पेट्या वर माळ्यावर. खोलीचा कारभार बघणारे म्हातारे गृहस्थ दारातच बसले होते.

"याची जागा कुठली?" मी विचारले.

त्यांनी चादर डोक्यावर घेऊन झोपलेल्या एकाकडे बोट दाखवले. "ती. ह्यो रजेवर गेलो, पन जागा काय रजेवर जाता? रातची दुसऱ्याक दिली. उद्या पाळी सुरू झाली काय परत मिळतली." मग त्याच्याकडे वळून म्हणाले, "खंय होतंस रे? गावाक तर पोचलंच नाय म्हणे."

तो नुसता हसला.

त्या चटईची रुंदी मी डोळ्यांनी मोजली. दोन फुटांच्या वर भरली नसती. परतताना मी त्याला विचारले, "एकटं माळावर झोपायची भीती नाही वाटली?"

"पहिल्या रात्री वाटली. मग हात पसरले तर कोणाक लागले नाय." थोडे चालून म्हणाला, "रायपूरच्या अलीकडे जंगल आहे साहेब. तिथं बाहेर डोकं काढून पडलो. एवढं आभाळ एकट्याला. झोपच येईना."

मी दादरला दोन खोल्यांत राहणारा माणूस.

त्याचे सामान परत करून सही घेतली, तेव्हा संध्याकाळ झाली होती. त्याने विचारले, आजची रात्र आवारात तंबू ठोकू का, वाटेत चौक्यांतून असेच विचारत आलो. मी हो म्हटले. सकाळी टोमणे मारणारे हवालदार त्याची दोरी धरून उभे होते आणि खुंटी कुठे मारायची यावर त्याच्याशी वाद घालत होते.

सकाळी भोंग्याच्या आधीच तो गेला. नोकरी राहिली; पुढे बंदोबस्तावर असताना त्याला गिरणीच्या दारातून आत जाताना मी पाहिले. जाताना तंबूची घडी मात्र हवालदारांकडे देऊन गेला होता. गाळ्यात ठेवायला जागा नव्हती. मुद्देमालाच्या खोलीत ती ठेवणे नियमात बसत नव्हते, म्हणून मी ती माझ्या कपाटावर ठेवली. पावसाळ्यानंतर हवालदारांनी ती न सांगता उन्हात घातली.

"राहायला कुठे?" हा प्रश्न मी त्यानंतरही हजारदा विचारला. माणूस पत्ता सांगतो, आपण लिहून घेतो. त्या पत्त्यावर त्याला हात पसरता येतात का, हेही बघायचे असते, एवढे मी त्या गिरणी कामगाराकडून शिकलो.

पुढच्या थंडीत तो घडी न्यायला आला.

"आता कुठं?" हवालदारांनी विचारले.

"उत्तरेला. बर्फ बघायचाय."

हवालदारांनी खिशातून कागदाची पुडी काढून त्याच्या हातात ठेवली. आत ब्रेकची नवी रबरे होती.