गल्लीतली नॉर्वेची यादी

आमच्या सरस्वतीपुरमात भुजंगरावांइतका जगाची माहिती असलेला माणूस नाही, आणि ते स्वतः जवळच्या तलकाडच्या पलीकडे कधी गेलेले नाहीत. एकतीस वर्षं त्यांनी कर-खात्यात कारकुनी केली. निवृत्तीनंतर लोक नातवंडं सांभाळतात, यांनी देश सांभाळायला घेतले. कुठलं सरकार किती कर घेतं आणि त्याचं काय करतं, हे तुम्ही विचारलं नाहीत तरी ते सांगणार. स्वीडनमध्ये पगाराचा मोठा लचका करात जातो, पण शाळा फुकट. कुवेतमध्ये पगारावर करच नाही. मी एकदा चुकून "असं का?" म्हणालो आणि माझा अख्खा रविवार गेला.

गेल्या वर्षी गल्लीतल्या उघड्या गटारावर वर्गणीतून फरश्या टाकायचं ठरलं. भुजंगरावांना घाई होती. त्यांच्या लेकीला, गिरिजेला बघायला मंडळी यायची होती, आणि होणाऱ्या व्याह्यांनी पहिल्याच भेटीत गटारात पाय घालणं बरं दिसलं नसतं. वर्गणीचं काम त्यांनी अंगावर घेतलं.

आधी जपानी पद्धत. तिथे एखाद्या गावाला देणगी दिली की करात सूट मिळते, वर गावाकडून भेट येते. म्हणून भुजंगरावांनी वर्गणीदारांना रसबाळे केळी वाटली. लोकांनी वीस-वीस रुपये दिले आणि चाळीसची केळी खाल्ली.

मग स्वीडन. ज्याची जशी मिळकत तशी वर्गणी, आणि मिळकत ज्याची त्याने चिठ्ठीवर लिहायची. चिठ्ठ्या उघडल्या तर अख्खी गल्ली भिकेला लागलेली! दुमजली घर आणि देवराज मोहल्ल्यात सोन्याचं दुकान असलेले जगन्नाथराव म्हणे महिना तीन हजारांवर जगत होते. सर्वांत श्रीमंत निघाले पेन्शनवाले भुजंगराव, कारण खरं लिहिणारे ते एकटेच.

"आता नॉर्वे!" ते म्हणाले. नॉर्वेत कोणाची मिळकत किती आणि कर किती, हे इतरांना बघता येतं. त्यांनी सगळ्यांची नावं आणि मिळकत सुवाच्य अक्षरात लिहून यादी आपल्या फाटकावर लावली.

तिसऱ्या दिवशी जगन्नाथरावांची मेहुणी जुन्या साड्यांचं गाठोडं आणि पाच किलो तांदूळ घेऊन रडत त्यांच्या दारी आली. संध्याकाळी जगन्नाथराव फाटकाशी हजर. "भुजंगराव, माझी दोन शून्यं राहिलीत बघा. तेवढी घाला ना." मग रांगच लागली. ज्याने त्याने शेजाऱ्यापेक्षा जास्त मिळकत लिहवली आणि वर्गणी निमूट भरली. फरश्या बसल्या. यादीत भुजंगराव मात्र सर्वांत खाली गेले.

"अय्यो, उद्या मंडळी येणार," त्यांच्या पत्नी अंबुबाई म्हणाल्या. "यादी काढा, नाहीतर सुम्मने, अशीच दोन शून्यं आपल्यालाही लावा की!"

"बेडा, नको. एकतीस वर्षं खोटं लिहिणाऱ्यांना दंड केला मी."

अंबुबाईंनी बोलणंच सोडलं. मलाही राग आला. पोरीचं स्थळ मोठं की नॉर्वे?

दुसऱ्या दिवशी मोटार दाराशी थांबली. मुलाला घेऊन आलेले त्याचे वडील सयाजीराव फाटकापाशी पाच मिनिटं वाचत उभे राहिले. आत आले, शिरा खाल्ला, गिरिजेकडे पाहिलंसुद्धा नाही. "ते पहिल्या नंबरचे जगन्नाथराव," ते म्हणाले, "त्यांना मुलगी आहे काय हो?"

अंबुबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. शेजारी म्हणून बसलेल्या मी शिऱ्याची बशी खाली ठेवली. भुजंगरावांनी शांतपणे कोरी चिठ्ठी आणि पेन पुढे सरकवलं.

"आहे की. पण नॉर्वेत यादी बघणाऱ्याचंही नाव नोंदतात. आमच्या गल्लीत नावापुढे मिळकतही लिहायची. फोनवर मुलाचा पगार दीड लाख सांगितलात, तोच लिहा. खाली सही."

सयाजीरावांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. मुलगा छताकडे बघत राहिला. मग "बसची वेळ झाली" म्हणत बापलेक उठले आणि दाराशी उभ्या असलेल्या आपल्या मोटारीत बसून निघून गेले.

अंबुबाईंनी पदराने डोळे पुसले आणि कालपासून पहिल्यांदा नवऱ्याशी बोलल्या.

"अहो, पुढच्या स्थळाला चिठ्ठी आधीच पाठवा."