कापलेलं यंत्र

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. तुम्हाला सांगतोय, पण माझ्यावर पटकन विश्वास ठेवू नका. मी तरी कधी कुणावर ठेवला?

नव्वदच्या दशकात मी सिल्वासाजवळ, खडोलीच्या एका फोम कारखान्यात स्टोअरकीपर होतो. मूळचा चिपळूणचा. गाद्यांचा फोम फुगवायला आम्ही जो गॅस वापरायचो, तो म्हणे आभाळातला ओझोनचा थर खातो. मग जगातल्या देशांनी करार केला आणि परदेशी पैशातून आम्हाला नवं यंत्र मिळालं. अट एकच — जुनं यंत्र कापून टाकायचं आणि नंबराच्या पट्टीसकट त्याचा फोटो पाठवायचा.

मला हे पहिल्यापासून खटकत होतं. फुकट कोण देतं हो? इतकी वर्षं गॅस उडवला या श्रीमंत देशांनी, आणि शहाणपण शिकवायचं खडोलीला? उद्या नव्या यंत्राचे सुटे भाग अडवून धरले तर? मालकांच्या कानात हे सगळं मीच भरवलं. ते म्हणाले, तुम्ही बघा काय ते. मी बघितलं.

जुन्या यंत्राची पट्टी मी माझ्या हातांनी काढली — आणि मागच्या अंगणात गंजत पडलेल्या एका मोडक्या सांगाड्यावर ठोकली. तो सांगाडा वेल्डर सुकदेवकडून कापून घेतला आणि त्याचाच फोटो पाठवला. सुकदेव साक्रीकडचा. नरोलीत भाड्याच्या खोलीत बायको आणि दोन मुलींना घेऊन राहायचा. मला भाऊ म्हणायचा. ‘या नंबरचं यंत्र मी कापलं’ अशा इंग्रजी कागदावर मी त्याची सही घेतली. कशावर सही करतोय, हेही त्याने विचारलं नाही. खरं यंत्र जवळच्या गलोंडा गावात, आमच्या गोदामात ताडपत्रीखाली गेलं.

वर्षभराने तपासणीला एक परदेशी बाई आल्या. त्यांनी वाटलेल्या चॉकलेटचाही मला संशय आला. पण त्या थेट गलोंड्याला पोचल्या, ताडपत्री उचलली. कुणी सांगितलं त्यांना? बघा — अजूनही मी चुगली करणाराच शोधतोय.

मालक त्या दिवशी मुंबईला होते. इंग्रजी येणारा मी एकटाच. बाईंनी सुकदेवला बोलावून विचारलं, पट्टी कुणी बदलली? मी मराठीत प्रश्न सांगितला. तो म्हणाला, “भाऊनी दाखाडं तेच मी कापं. भाऊस्ले इचारा.” म्हणजे, भाऊंनी दाखवलं तेच मी कापलं, भाऊंनाच विचारा.

मी इंग्रजीत सांगितलं — तो कबूल करतोय. यंत्र लपवून ठेवून भंगारात विकायचा त्याचा बेत होता.

बाईंनी एकदा सुकदेवकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. त्यांना काहीतरी खटकलं होतं, ते मला दिसत होतं. पण खात्री करायला त्या विचारणार कुणाला — मलाच ना? शेवटी त्यांनी लिहून घेतलं. सुकदेवला वाटलं, मी त्याची बाजू मांडली. बाहेर आल्यावर त्याने माझे दोन्ही हात धरले. मी ते धरू दिले.

दुसऱ्या दिवशी त्याला गेटवरच अडवलं. वॉचमन स्टोअरमध्ये आला. म्हणाला, सुकदेव तुम्हाला बोलावतोय, भाऊंना सगळं माहीत आहे म्हणतोय.

मी म्हणालो, “सांग त्याला, भाऊ आज आलेच नाहीत.”

तो दुपारपर्यंत गेटवर उभा होता. मी आत होतो.